सुलट, उलट आणि हसू: विणकाम-गोधडीबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

नाशिकमध्ये दर शनिवारी आमची विणकाम-गोधडीची बैठक भरते. तिथे नव्याने येणारी मंडळी आणि व्हॉट्सॲपवरून इतर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुलट आणि उलट हे विणकामाचे दोन मूळ टाके कसे घालायचे हे दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ज्या गोष्टींवर बैठकीत हसून पुरेवाट होते आणि ज्यांची उत्तरं सहसा कुणी लिहून ठेवत नाही, त्या मुद्दाम घेतल्या आहेत. हसणारी बैठक जास्त विणते, हे माझं ठाम मत आहे. गुंत्याशी एकटीने भांडणारी बाई चार दिवसांत सुया कपाटात टाकते. चौघींत बसून त्याच गुंत्यावर हसली, की तो सोडवून पुढे जाते.

१. ही तर शांत बसून करायची कामं. त्यात हसण्यासारखं काय असतं?

करणारा माणूस शांत बसतो, काम मात्र स्वस्थ बसू देत नाही. विणकामात अखंड मोजणी असते. टाका गळला तो तेव्हा कळत नाही, वीतभर पुढे गेल्यावर खाली भोक दिसतं. गोधडीचे चौकोन नीट मोजून कापलेले असतात, तरी जोडताना एक उरतो नाहीतर एक कमी पडतो. ज्याच्यासाठी विणायला घेतलं तो मुलगा मधल्या काळात दोन इंच वाढतो. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "झालं का?" म्हणून विचारून जातो.

बैठकीत असं काही झालं की आधी सगळ्या हसतात, मग एकजण क्रोशाची सुई घेऊन गळलेला टाका खालपासून वरपर्यंत उचलून देते. हसून झालं की मदत झालीच पाहिजे, हा आमचा नियम. नव्या माणसाच्या पहिल्या तुकड्यावर मात्र कुणीही हसायचं नाही, तो कितीही तिरका असो.

२. नाशिकची थंडी दीड-दोन महिन्यांची. स्वेटर विणून घालायचा कधी?

निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि शहरात शाळेच्या रिक्षांमधून नुसत्या माकडटोप्या जाताना दिसतात. तेव्हा स्वेटर हवाच. घोळ होतो तो वेळेचा. थंडी अंगाला झोंबली की मगच लोकर आणायला सुचतं, म्हणजे डिसेंबरात. पाठ विणून होईपर्यंत संक्रांत येते, पुढचा भाग होतो तोवर महाशिवरात्र, आणि बाह्या जोडल्या जातात तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत असतात. मग घरातलं सगळ्यात प्रेमळ माणूस एप्रिलच्या दुपारी तो स्वेटर घालून फोटो काढून देतं, आणि त्या फोटोत कपाळावरचा घाम स्पष्ट दिसतो. असे फोटो आमच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतात आणि मला फार आवडतात.

श्रावणात सुरुवात करा. हवा गार असते, हाताला घाम नसल्यामुळे लोकर सुईवर अडत नाही, आणि पावसामुळे बाहेर जाणंही कमी झालेलं असतं. दसऱ्यापर्यंत अंग आणि दिवाळीनंतर बाह्या, हे जमण्यासारखं वेळापत्रक आहे. लहान मुलांचा स्वेटर दोन इंच मोठाच धरा.

३. "एवढ्या पैशांत तिबेटी मार्केटमध्ये दोन स्वेटर आले असते" असं घरचे म्हणतात. काय सांगू?

खरं आहे म्हणा. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधला स्वेटर घेतला की त्याच संध्याकाळी घालता येतो. घरचा स्वेटर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे कबूल केलं की वाद तिथेच संपतो. तुम्ही स्वेटर मिळवण्यासाठी विणत नसून विणण्यासाठी विणता. क्रिकेट खेळणाऱ्याला कुणी धावांचा भाव विचारत नाही. हौसेला मोल नसतं.

४. "मलाही एक विणून दे, लोकरीचे पैसे देते" म्हणणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका, हिशेब दाखवा. १०० सेंटिमीटर घेराचा, ६० सेंटिमीटर लांबीचा साधा स्वेटर धरा. १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी असतील तर घेराला २२० टाके आणि लांबीला १८० ओळी, म्हणजे अंगाचेच ३९,६०० टाके. एका बाहीला सरासरी ७० टाके आणि १३५ ओळी धरल्या तर दोन बाह्यांचे १८,९०० होतात. एकूण ५८,५००. मिनिटाला २५ टाके या बऱ्या वेगाने हे ३९ तासांचं काम आहे. त्यात गळा, बॉर्डर, शिवण आणि उसवून पुन्हा विणलेलं धरलेलं नाही.

हा आकडा ऐकून समोरचं माणूस हसायला लागतं. तेवढ्यात त्याच्या हातात सुया द्या आणि दोनच ओळी विणायला सांगा. आमच्या बैठकीला आज नेमाने येणाऱ्या कितीतरी जणी अशाच स्वेटर मागायला आल्या होत्या.

५. पुस्तकात दिल्याप्रमाणेच टाके घातले, तरी मुलाचा स्वेटर त्याच्या बाबांना बसला. असं का?

तुमचा हात सैल आहे. पुस्तकातला हिशेब १० सेंटिमीटरला २२ टाक्यांचा असेल, तर २२० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटर भरतो. तुमच्या हाताने त्याच जागेत २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतात. दहा सेंटिमीटरला फक्त दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर एका पिढीने वर सरकतो.

हात एकाच माणसाचाही बदलतो. आमच्या एका ताईंनी स्वेटरची पाठ निवांत गप्पा मारत विणली आणि पुढचा भाग भारताची क्रिकेट मॅच बघत. पुढचा भाग चार बोटं अरुंद भरला. शेवटच्या षटकांतल्या ओळी बोट ठेवून दाखवता येत होत्या, इतके ते टाके आवळलेले होते. त्यांनी तो भाग उसवला नाही, दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या घातल्या. आता सगळे विचारतात की ही डिझाइन कुठून घेतली.

आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या भागातले टाके मोजा. कडेचे मोजू नका, तिथे टाके ओढले जातात. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, आणि बैठकीतल्या निम्म्या गमतीजमती त्यातूनच जन्माला येतात.

६. व्हिडिओत ८ नंबरची सुई सांगितली होती. मी ८ नंबरचीच आणली, तरी माप चुकलं. आता काय?

व्हिडिओ अमेरिकेतला असणार. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरची. त्यामुळे कधीही नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा.

क्रोशात तर नावंच फिरतात. अमेरिकन पुस्तकात जो टाका 'सिंगल', तोच ब्रिटिश पुस्तकात 'डबल'. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, तोच हा. हे न कळल्यामुळे ग्लासाखाली ठेवायच्या रुमालाचा टेबलक्लॉथ होतो. घरात तो टेबलक्लॉथ म्हणूनच मिरवावा.

७. टाके मोजताना कुणीतरी मधेच बोलतं आणि सगळं पहिल्यापासून. काही उपाय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "एकशे चौऱ्याऐंशी, एकशे पंच्याऐंशी..." आणि दारात कुरिअरवाला: "ताई, ओटीपी सांगा." तुम्ही चार आकडे सांगता, दार लावता, सुई उचलता आणि पुढचा आकडा तोंडातून येतो तो ओटीपीचा. मोजणारीला नेमकं तेव्हाच "आज भाजी काय करायची?" विचारणं, हा तर प्रत्येक घराचा हक्क आहे.

दर २० टाक्यांनंतर सुईवर रंगीत दोऱ्याचा फास नाहीतर सेफ्टी पिन अडकवा. मग कुणी टोकलं तर २० च्या आतलंच पुन्हा मोजावं लागतं. घरच्यांसाठी एक खूण ठरवा: मोजणी चालू असताना डावा हात वर. आमच्या एका आजींचा चार वर्षांचा नातू आता स्वतःच्या गोट्या मोजताना हात वर करतो आणि सगळ्या घराला गप्प बसवतो.

८. रेल्वेत विणता येतं का? लोक बघतात.

येतं, आणि लोक बघतातच. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या आमच्या मैत्रिणींचे मफलर त्या गाडीतच पूर्ण होतात. तीन गोष्टी धरून चाला. पहिली, गुंडा सुटणार आणि चार सीटांखालून जाणार. तो परत येताना डब्यातल्या सगळ्यांशी ओळख करून देतो. म्हणून लोकर तोंड बांधलेल्या पिशवीत ठेवा. दुसरी, कसारा घाटातल्या बोगद्यांत नक्षीचं काम करू नका, सरळ सुलट-सुलट ओळ ठेवा. तिसरी, सल्ले मिळणार. समोरच्या काकू आधी गप्प बघतात, इगतपुरीपर्यंत "आमच्या वेळी असं धरायचो नाही" म्हणतात, आणि कल्याण यायच्या आत सुया त्यांच्या हातात असतात. त्यांना चार ओळी विणू द्या. त्यांचा हात घट्ट निघाला तर प्रश्न ५ आठवा.

९. होणाऱ्या नवऱ्याला स्वेटर विणून दिला तर लग्न मोडतं म्हणतात. खरं का?

ही समजूत इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या विणणाऱ्यांकडून आली आहे. तिकडे तिला स्वेटरचा शाप म्हणतात आणि अंगठी बोटात येईपर्यंत स्वेटर विणू नका असं बजावतात. शाप वगैरे नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. ३९ तासांचं काम (प्रश्न ४) रोज तासभर केलं तरी महिना उलटतो, आणि रोज तासभर कुणाला मिळतो? तेवढ्या अवधीत नवी ओळख जमते तरी किंवा विरते तरी. शिवाय समोरच्याने "छान आहे" एवढं एकच वाक्य म्हटलं की विणणारीचा संताप होतो.

साखरपुड्याआधी कानटोपी विणा. तीन-चार संध्याकाळींत होते, आणि मुलगा ती चारचौघांत घालतो की खिशात ठेवतो, यावरून बरंच कळतं.

१०. बाळ जन्मायच्या आधी काही विणू नये म्हणतात. मग बारशाला स्वेटर तयार कसा असतो?

सगळ्या जणी लपून विणतात. मावशी, आत्या, काकू, आजी, प्रत्येकजण वेगळ्या खोलीत आणि दुसरीला न सांगता. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने जन्माआधी मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे, त्यामुळे रंगाची पंचाईत नको म्हणून प्रत्येकजण पिवळाच घेते. बारशाच्या दिवशी पुड्या उघडल्या जातात आणि पिवळ्या स्वेटरांची रांग लागते. अशा वेळी घरात जे हसू फुटतं ते ऐकण्यासारखं असतं, कारण सगळ्यांची चोरी एकदम उघडी पडते.

तुम्हाला वेगळं काही द्यायचं असेल तर कुंची किंवा दुपटं करा. दुपट्याला जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडीच हवी, नवं कापड बाळाला टोचतं. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला मणी आणि सैल बटणं लावू नका, ती तोंडात जातात.

११. आजीच्या साड्यांची गोधडी करायची आहे. पैठणीही घालू का?

सुती नऊवारी खुशाल घाला, गोधडीला त्याहून चांगला आतला थर नाही. पैठणी घालू नका. जर टोचते, जुनं रेशीम घड्यांवर चिरतं, आणि धावदोऱ्याच्या हजारो भोकांनी ते आणखी लवकर फाटतं. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्या पैठणीचं काय करता येईल हे तिथल्या विणकरांना एकदा दाखवून विचारा, मगच कात्री हातात घ्या.

साड्या कापण्याआधी सगळ्या बहिणींना, जावांना आणि नणंदांना फोन करा, हे मी कळकळीने सांगते. गोधडी पूर्ण होऊन दिवाळीत अंथरली जाते, आत्या त्यावर बसते, हाताने एक चौकोन चाचपते आणि म्हणते, "अगं, ही तर माझ्या मंगळागौरीची!" पुढचा तासभर कुणीही गोधडीवरून उठत नाही. एकेका चौकोनावर बोट ठेवून ही कुणाच्या लग्नातली, ही कुणी कुणाला दिली आणि मग हिच्याकडे कशी आली, याचा तपास चालतो. भांडण होतं, हसू होतं, कधी डोळेही पुसले जातात. आमच्याकडे एका घरी तपासाअंती आत्याला तो चौकोन उसवून हवा होता. शेवटी गोधडीच वर्षातले सहा महिने आत्याकडे राहील असं ठरलं, आणि थंडीचे महिने नेमके आत्याच्या वाट्याला आले.

१२. दोन मीटरची गोधडी धरली होती, पाय बाहेर राहतात. चौकोन तर बरोबर मोजले होते.

चौकोन मोजले, शिवण मोजली नाही. १० सेंटिमीटरच्या चौकोनात प्रत्येक बाजूने पाऊण सेंटिमीटर शिवणीत जातं, उरतात साडेआठ. असे २० चौकोन जोडले की २०० ऐवजी जेमतेम १७० सेंटिमीटर भरतात, आणि धावदोरा घातल्यावर कापड आणखी आखडतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण गोधडीत ते अंथरूण आधी शिवावं लागतं. चारही बाजूंना रुंद काठ लावा, माप भरून निघेल. जुन्या साडीचा काठ त्यासाठी उत्तम.

१३. लाल कापडाने सगळी गोधडी गुलाबी झाली. काही करता येईल?

वाळू देऊ नका. ओली असतानाच भरपूर गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळखळा, रंग बराच निघतो. एकदा वाळला की राहतोच. पुढच्या वेळी कापण्याआधी लाल, मरून आणि निळ्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा.

१४. बायकोने गव्हाच्या कोठीत लोकर ठेवली आहे. हे सगळीकडेच होतं का?

होय. दिवाणात, प्रवासी बॅगांत, न वापरलेल्या कुकरात आणि पाहुण्यांच्या गाद्यांखालीही होतं. यामागे खरं कारण आहे. लोकर रंगवतात ती एकेका घाण्याने, म्हणजे लॉटने, आणि एकाच शेडचे दोन लॉट डोळ्याला वेगळे दिसतात. लोकर कमी पडून पुन्हा दुकानात गेलं तर तो लॉट संपलेला असतो, आणि मग एक बाही उन्हात ठेवल्यासारखी फिकी दिसते. म्हणून जाणती बाई दोन गुंडे जास्त घेते. ते उरतात. उरलेलं टाकवत नाही.

वर्षातून एकदा उरलेल्या लोकरीचे चौकोन विणा आणि जोडून पांघरूण करा. अस्सल लोकर असेल तर कसर लागते, तिथे कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. ॲक्रिलिकला कसर लागत नाही. अस्सल की ॲक्रिलिक हे ओळखायला एक छोटा धागा वाटीवर धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख आली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक. आपल्याकडे साध्या दुकानांत बहुतेक ॲक्रिलिकच मिळतं.

१५. सासऱ्यांना विणायला शिकायचं आहे, पण लोक हसतील म्हणतात.

त्यांना घेऊन या. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुषच विणतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मान दिला आहे. आमच्याकडे येणारे निवृत्त काका ओळी मोजायला हिशेबाची वही आणतात आणि कुणाचाही चुकलेला टाका त्यांना लांबून दिसतो. त्यांच्यावर पहिल्या दिवशी जे मित्र हसले, ते आता जॉगिंग ट्रॅकवर त्यांच्याच टोप्या घालून फिरतात.

१६. मांजर लोकरीशी खेळतं, तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू का?

टाका, पण तुम्ही समोर असतानाच खेळू द्या. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, तोंडात गेलेला धागा त्याला बाहेर टाकता येत नाही आणि तो गिळला जातो. आतडी धाग्यावर गोळा होतात आणि जीव जाऊ शकतो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. या प्रश्नाला आमच्याकडे कुणी हसत नाही.

१७. माझ्या वहीतलं "२ सु, २ उ, १ सोडा, २ एकत्र" वाचून मुलाला वाटलं ही गुप्त भाषा आहे.

त्याचा संशय जुना आणि सन्मान्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल तपासणाऱ्यांनी परदेशी जाणाऱ्या पत्रांतून विणकामाचे नमुने पाठवायला बंदी घातली होती, कारण त्यात सांकेतिक निरोप लपवता आला असता. मुलाला सुलट आणि उलट टाका शिकवा आणि सुलट-उलटमध्ये त्याचं नाव विणायला लावा. हवी तर ही गुप्त भाषा मग त्याची.

१८. विणून दिलेला स्वेटर त्या घरी कुणीच घालत नाही. मागून घेऊन लोकर परत वापरली तर वाईट दिसेल का?

मागून घेऊ नका. "बाही सैल झालीय का बघू" म्हणून एकदा बघायला आणा आणि विचारा की रंग बदलून हवा का. बहुतेक जण मोकळेपणाने हो म्हणतात, कारण त्यांनाही तो कपाटातून बाहेर काढायचाच असतो. उसवताना शिवण आधी सोडा, मग शेवटच्या टाक्यापासून सुरुवात करा. धागा कुरळा निघतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगून वाळवा. अस्सल लोकर बरीच सरळ होते. ॲक्रिलिक थोडं कुरळं राहतं, त्याला इस्त्री लावू नका, कायमचं लुळं पडतं.

बाजारातून आणलेला स्वेटर उसवायचा असेल तर आधी बाजूची शिवण उलटून बघा. कडा एकसंध विणलेल्या असतील तर धागा सलग निघेल. कापड कापून मशीनवर शिवलेलं असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हातात वीत-दीड वीत लांबीचे तुकडे येतात. असा स्वेटर उसवू नका, गोधडीच्या आतल्या थरात आख्खा घाला.